उजव्या कानातला आवाज

१

"मॅडम, शेवटचं गाणं तिनं गायलेलंच नाही. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी आहे. पुण्याच्या परीक्षकांनी पकडलंय."

हर्षलाचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हर्षला म्हणजे खोपोलीच्या संगीत नाट्यस्पर्धेची चिटणीस. हौशी मंडळांनी प्रेक्षकांसमोर प्रयोग करायचा, त्याचं चित्रण पाठवायचं, आणि दोघा परीक्षकांनी ते आपापल्या घरी बसून बघायचं, अशी ही स्पर्धा. एक परीक्षक पुण्याचे. दुसरी मी, नंदा कर्णिक. जन्मभर मुलांना गाणं शिकवलं, आता शेलूला एका नव्या संकुलात सातव्या मजल्यावर राहते. नवरा गेला, लेक परदेशी गेली, आणि दाराची बेल पाण्याचा जार आला तरच वाजते. परीक्षक व्हायला मी एका पायावर तयार झाले ते काही कलेच्या प्रेमानं नाही. निदान आठवडाभर घरात माणसांचे आवाज येतील म्हणून.

"कुठलं नाटक?" मी विचारलं.

"कर्जतचं. तो फ्रेंच ऑपेरा."

कर्जतच्या मंडळानं दीडशे वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच ऑपेरा मराठीत बसवला होता. मूळ नाव उच्चारायचं तर जिभेला पीळ पडावा, म्हणून मराठी नाव ठेवलं 'तरीवाली'. ते ऐकून मला आधी मिसळच आठवली. पण तरी म्हणजे नदी पार करायची होडी, आणि तरीवाली म्हणजे ती चालवणारी बाई. नवरा लढाईवर जातो, ती त्याची होडी चालवत वाट बघते. म्हातारा होऊन तो परत येतो तेव्हा बायकोला ओळखत नाही. ती त्याला पैलतीरी सोडते आणि आपण कोण हे सांगत नाही. नदी ओलांडताना ती जे गाणं म्हणते तेच ते शेवटचं गाणं. मी ते ऐकून डोळे पुसले होते आणि गुणांच्या रकान्यात सढळ हातानं गुण टाकले होते.

"नियम तुम्हाला ठाऊकच आहे," हर्षला म्हणाली. "नटानं प्रयोगात, लोकांसमोर, स्वतःच्या आवाजात गायलं पाहिजे. नाहीतर मंडळ बाद, आणि कारण नावासकट जाहीर करायचं. ती वनिता पादिर आहे ना, तिला खालापूरच्या एका शाळेत गाणं शिकवायची नोकरी लागत होती. बातमी तिथपर्यंत पोचली. शाळेनं सांगितलंय, निकाल लागू द्या, मग बघू."

"तिचं काय म्हणणं?"

"तेच तर. ती गप्प आहे. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. तुम्ही कर्जतच्या जवळ राहता. रविवारी बैठक आहे, तोवर जरा बघाल का?"

तव्यावरची भाकरी करपली होती. मी म्हटलं, बघते.

२

लेकीनं पाठवलेले भारीतले हेडफोन कपाटातच पडून होते. ते काढले आणि शेवटचं गाणं लावलं.

पुण्याचे गृहस्थ खोटं बोलत नव्हते. ओठ आणि आवाज जुळत नव्हते. ओळ संपली की चित्रात वनिता ओठ मिटायची, मान किंचित कलवून उभी राहायची, आणि गाणं मात्र पुढं चालू. मधेमधे होडीतल्या म्हाताऱ्या नवऱ्याचा चेहरा दाखवून ते झाकायचा खटाटोप केला होता, पण ठिगळ दिसतंच. आवाजही पहिल्या अंकापेक्षा जाड, थकलेला.

मग मी डोळे मिटून ऐकलं. गाण्याच्या माणसानं हेच आधी करायला हवं.

दोन गोष्टी लक्षात आल्या. या नाटकातली होडी म्हणजे खाली चाकं लावलेली फळकुटं, दोघं पोरं मागून ढकलत होती. ती जरा हलली की कुई कुई करायची. तीन अंक मी त्या कुईकुईला हसत होते. शेवटच्या गाण्यात होडी डाव्या काठावरून उजव्या काठापर्यंत जाते. इतका लांबचा प्रवास, आणि एकदाही कुई नाही.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. रंगमंचाच्या दोन्ही कडांना एकेक माइक होता, त्यामुळं माणूस डावीकडे असला की आवाज डाव्या कानात यायचा. चित्रात वनिता डावीकडून उजवीकडे चालली होती. आवाज मात्र पहिल्या शब्दापासून उजव्या कानात होता. तिथून हललाच नाही.

म्हणजे गाणारी बाई चालत्या होडीत नव्हती. उजव्या बाजूला एका जागी उभी राहून गात होती.

बंद खोलीत ध्वनिमुद्रण केलं असेल म्हणावं, तर तेही नाही. कुणीतरी खोकलं, एक खुर्ची करकरली, लांब एक तान्हं पोर रडलं. लोक समोर होते.

मी शेवट पुन्हा बघितला. नट लोकांना नमस्कार करायला एकेक करून बाहेर येत होते. उजव्या विंगेतून, हातात संहिता घेऊन, एक बाई आली. त्या बाईला मी ओळखत होते. संजना भोईर. कर्जतमध्ये गाण्याचे वर्ग घेते, आवाज तयारीचा, जाड.

उजवी विंग. तयारीचा आवाज. पुण्याच्या गृहस्थांना एवढं पुरलं असतं. मी हर्षलाला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. कुणाला चोर ठरवायचं तर निदान तिच्या तोंडावर विचारावं.

३

संजनाचा वर्ग दहिवलीला, एका जिन्याखालच्या खोलीत. मी गेले तेव्हा मुली निघून गेल्या होत्या आणि ती पेटी पुसत होती. मी कोण, कशासाठी आले, ते आडपडदा न ठेवता सांगितलं. ती आधी लाल झाली आणि मग मोठ्यांदा हसली.

"काकू, मी तिला आवाज देऊ? मी? ती भूमिका माझी होती! पाच तालमी झाल्यावर मास्तरांनी काढून तिला दिली. म्हणे, संजना, तुझ्या ताना फार. मला हातात संहिता देऊन विंगेत बसवलं. मी तिच्यासाठी गाईन?"

"नाइलाजानं माणूस काहीही करतं."

"आणि केलं असतं तर गप्प बसले असते? ते गाणं ऐकलंत ना तुम्ही? तसं माझ्याकडून झालं असतं तर मी कर्जत स्टेशनावर उभी राहून ओरडून सांगितलं असतं, का हे माझं हाय."

हे मात्र पटलं. मत्सर फार प्रामाणिक असतो. तिच्या बोलण्यात कुठं आढेवेढे नव्हते.

"मग उजव्या विंगेत अजून कोण होतं?"

"कोणी नाही. आणि मी पण नव्हते." ती बोलून गेली आणि तिचा चेहरा उतरला. "शेवटच्या गाण्यात मास्तरांनी मला खाली लोकांत पाठवलं. एका माणसाला बाहेर न्यायला."

"कुठल्या माणसाला?"

तिनं पेटीवर झाकण ठेवलं. त्यावरून पुन्हा फडकं फिरवलं.

"वनितालाच विचारा. मला नाय सांगवत. म्हातारा माणूस. मी हाताला धरून नेलं तर निमूट आला. वर मलाच म्हणाला, चुकलं गं बाय. त्या दिवसापासनं मला ते आठवतं. भूमिका गेल्याचं पण एवढं नाय आठवत."

४

घरी आले. आमटी गरम केली, एकटीनं जेवले, ताट घासलं. संध्याकाळी या इमारतीत लिफ्टचा आवाज तेवढा येतो. तो आपल्या मजल्यावर थांबेल असं उगाच वाटत राहतं. थांबत नाही.

गाणं पुन्हा लावलं. आता परीक्षक म्हणून नाही, सोबतीला. ते इतकं एकटं गाणं होतं की माझं एकटेपण त्याच्यापुढं लहान झालं. बाई हाका मारते आहे आणि पलीकडे कोणी नाही, हे त्या थकलेल्या आवाजात स्वच्छ ऐकू येत होतं. गाणं संपलं, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "वन्स मोअर!"

रिकाम्या खोलीत माझाच आवाज मला परका वाटला. आमचे हे संगीत नाटकाला गेले की वन्स मोअर द्यायला टपून बसलेले असायचे. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्यांदा. मी लाजेनं पदरात तोंड लपवायची. त्या क्षणी मला त्यांची इतकी आठवण आली की मी पंखा बंद करून नुसती बसून राहिले.

आणि मग मी ताडकन उठले.

वन्स मोअर!

आपल्याकडे गाणं आवडलं की लोक ते पुन्हा मागतात आणि नट पुन्हा म्हणतो. मेलेला नायकसुद्धा उठतो, तेच पद गातो आणि परत मरतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वनितानं गाणं म्हणत नदी ओलांडली. होडी उजव्या काठाला लागली. लोकांनी वन्स मोअर दिला. आता होडी कशाला हलेल? तिनं उजव्या काठावर उभं राहून तेच गाणं पुन्हा म्हटलं. म्हणून कुई नाही. म्हणून उजवा कान. म्हणून थकलेला आवाज. चित्र पहिल्या वेळचं, आवाज दुसऱ्या वेळचा, आणि दोन्ही वनिताचीच.

चोरी झालीच नव्हती!

आनंदात मी फोन उचलला आणि हातातच धरून उभी राहिले. एवढं साधं होतं तर कुणी सांगितलं का नाही? चोर म्हणवून घेणं परवडलं, पण हे सांगणं नको, असं काय होतं त्या पहिल्या वेळच्या आवाजात? आणि पहिल्या वेळी वनिता प्रत्येक ओळीनंतर ओठ मिटून कशाला थांबत होती?

५

वनिताची वाडी कोंडाणे लेण्यांच्या डोंगराखाली. कोंडिवड्यापर्यंत रिक्षा मिळाली, पुढं पायी. भात कधीच कापून झालं होतं आणि शेतांत वाल उभा होता. माझे गुडघे दर चढाला कुरकुरत होते. परीक्षकाच्या मानधनात गुडघ्यांचं काही धरलेलं नसतं.

वनिता शेणानं अंगण सारवत होती. पडद्यावर उंच वाटली होती, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागेल एवढीशी. मी मांडलेलं सगळं तिनं ऐकून घेतलं, हात शेणात तसेच ठेवून.

"दोनदा गायलीस ना तू?"

तिनं शेणाचा हात पुन्हा जमिनीवर फिरवला.

"वनिता, एवढंच सांग की माझा आवाज आहे, दुसऱ्या वेळचा आहे. बाकी मी बघते. शाळा हातची जाईल नाहीतर."

"जाऊ दे."

"अगं, तुला चोर म्हणतील सगळीकडे."

"म्हनू द्या. मॅडम, तुमी लिवा, का वनितानं चोरी केली. मी सही देते. पन त्या दिवशीचं उकरू नका. पाया पडते तुमच्या."

ती खरंच वाकली. मी तिला धरलं. घरात कुणीतरी खोकलं तशी ती दचकली आणि हळू आवाजात म्हणाली, "जावा तुमी आता."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. एवढी तंगडतोड करून यायचं आणि पोरीनं स्वतःच्याच गळ्याला फास लावून घ्यायचा! बडबडत मी उतरत होते तेवढ्यात वालाच्या शेतातून गाणं ऐकू आलं.

शेताच्या अलीकडच्या बांधाला एक म्हातारी शेंगा तोडत होती. तिनं एक ओळ म्हटली आणि थांबली. ओठ मिटले. मान कलवली. पलीकडच्या बांधावरून दुसऱ्या बाईची ओळ आली, तेव्हा कुठं हिनं पुढची ओळ उचलली. पुन्हा थांबली. पुन्हा मान कलवली.

मी वाटेतच खाली बसले. ती मान मी पडद्यावर इतक्या वेळा बघितली होती.

म्हातारीचं नाव सोनुबाई. तिला वाटलं मला चक्कर आली, म्हणून तांब्या घेऊन आली.

"आजी, तुम्ही मधे थांबता ते कशाला?"

"हाकेचं गानं हाय ना बाय. आपन हाक मारायची, पल्याडच्यानं उत्तर द्यायचं."

"आणि उत्तर आलंच नाही तर?"

"तर थांबायचं. उत्तर आल्याबिगर फुडं कसं जायाचं?" ती माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तशी बघायला लागली. "पल्याड कोन जितं नाय, असा अर्थ व्हतो त्याचा. म्हनून हाक आयकली त्यानं उत्तर द्यायाचंच. भांडन असलं तरी द्यायाचं."

"वनिताला कोण उत्तर देतं?"

"तिचा बा. धाऊ. आय लहानपनीच गेली ना तिची. बापलेक दोगंच. पन आता नाय देत. तो हल्ली गातच नाय. काय झालंया काय म्हाईत."

ती विचारायला लागली, मी एवढ्या लांबून कशाला आले. मी सांगून टाकलं. वनिताला चोर म्हणतात, हे त्या वाडीत कुणाला ठाऊकच नव्हतं.

६

विपुल ठोंबरेचं दुकान कर्जतच्या बाजारात. लग्नाचं चित्रण हा त्याचा धंदा, नाटकाचं चित्रण त्यानंच केलं होतं. मी नाटकाचे दिग्दर्शक दशरथ घारे मास्तरांनाही तिथंच बोलावलं. मास्तर निवृत्त शिक्षक. ऑपेराचं भाषांतर त्यांचं, चाली बसवणं त्यांचं, आणि त्या नाटकापायी घरातली शांतता घालवली तीही त्यांचीच.

"मास्तर, मी सांगते, चुकलं तर थांबवा," मी म्हटलं. "शेवटच्या गाण्याची चाल तुम्ही मुळातलीच ठेवलीत. ती संथ आहे, ओळी सुट्या आहेत. कोंडाण्याच्या वाडीत ती हाकेच्या गाण्यासारखीच ऐकू येते. धाऊ लेकीचं नाटक बघायला आला. लेकीनं हाक मारली. सगळी माणसं गप्प बसलेली बघून त्याला राहवलं नाही. त्यानं खुर्चीतून उत्तर दिलं."

मास्तर टेबलाकडे बघत होते.

"आणि वनिता थांबली. दर ओळीला थांबली, कारण बापाचं उत्तर अर्ध्यात तोडायचं नसतं. लोक हसायला लागले. तुम्ही संजनाला पाठवून त्याला बाहेर काढलंत."

"अहो कर्णिकबाई, ऑपेरा आहे तो!" मास्तर एकदम उसळले. "मी दोन वर्षं खपलो त्याच्यावर. मला दाखवायचं होतं की कर्जतची पोरं हे करू शकतात. आणि ऐन शेवटाला खालून म्हातारा माणूस गातोय, लोक खिदळताहेत. परीक्षक काय म्हणाले असते? गावठी तमाशा म्हणाले असते!"

"म्हणून तुम्हाला चित्र होडी चालतानाचं, पण आवाज मात्र स्वच्छ हवा होता. आणि तो मिळवायचा तर गाणं पुन्हा व्हायला हवं." पुढचं बोलायला मलाच जड जात होतं. "मास्तर, हसणारे लोक लगेच वन्स मोअर देत नाहीत, पण धाऊला बाहेर काढल्यावर तो मिळाला. तो कुणी दिला?"

विपुलनं मान फिरवली. मास्तरांचा आवाज अगदी बारीक झाला.

"मी. तालमीत मीच बंदी घातली होती. ऑपेरात वन्स मोअर नसतो म्हणून. आणि मीच उठून ओरडलो. मग बाकीच्यांनी टाळ्या धरल्या."

"वनिताला ठाऊक आहे?"

"नाही. तिला वाटतं लोकांनी मागितला."

दुकानात बाहेरच्या टेंपोचा हॉर्न वाजत होता. मला मास्तरांना चार शब्द सुनवायचे होते, पण तो माणूस आधीच इतका खाली गेला होता की माझी जीभ उचलेना.

"पहिला आवाज पुसलास का रे?" मी विपुलला विचारलं.

"नाय मॅडम. मूळचं मी कधीच पुसत नाय. माणसं जातात, मग घरचे येतात, म्हनतात आमच्या आबांचा आवाज असंल बघा कुठं लग्नात." त्यानं खण उघडला. "मास्तर पूस म्हनले व्हते. मी व्हय म्हनलो आन ठेवला."

"हे मी वनिताच्या परवानगीशिवाय कुणाला ऐकवणार नाही," मी म्हटलं. "आणि ती परवानगी देणार नाही. बापाचं हसं व्हायला नको म्हणून ती चोर व्हायला तयार आहे."

७

रविवारी खोपोलीला बैठकीच्या खोलीत हर्षला होती, पडद्यावर पुण्याचे परीक्षक होते, मास्तर आणि विपुल कोपऱ्यात बसले होते. माझ्या पर्समध्ये विपुलनं दिलेला पेन ड्राइव्ह होता आणि तो बाहेर काढायची मला मुभा नव्हती. वनिता कबुली द्यायला येणार होती.

ती आली, आणि तिच्या मागून धुतलेलं धोतर नेसलेला एक हाडकुळा म्हातारा आला. वनिता रडवेली झाली होती.

"मी नको म्हनत व्हते," ती मला म्हणाली. "आयकतच नाय."

"सोनुबायनं सांगितलं मला," म्हातारा म्हणाला. तो धाऊ. बस म्हटलं तरी तो बसला नाही. "पोरगी बोलली नाय. माज्यामुळं हिला चोर म्हनत्यात व्हय? चूक माजी हाय. मी वराडलो त्या दिवशी. मला ठावं नव्हतं का तितं उत्तर द्याचं नसतं. वाजवा काय असंल ते. हसू द्या लोकांना."

मी वनिताकडे बघितलं. तिनं होय म्हणून मान हलवली, मग खाली घातली.

मी पेन ड्राइव्ह लावला.

'कोण गं त्या काठाला, हाक माझी ऐकतं?' वनिताचा आवाज आला, तरणा, मोकळा, डावीकडून. होडी कुई कुई करत होती. ओळ संपली. आणि लोकांतून, खोल, खरखरीत, सुरात अगदी पक्का, दुसरा आवाज उठला. 'मी गं हाय या काठाला, ये तू धीरानं.' कुणीतरी फिस्सकन हसलं. वनिताची पुढची ओळ. म्हाताऱ्याचं उत्तर. हसू वाढलं. तिसऱ्या ओळीला बापलेकीचे आवाज असे एकमेकांना लागले की हसणारे गप्प होत गेले. मी जन्मभर गाणं शिकवलं, पण असं मला शिकवता आलं नसतं. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुजबुज. पुढची ओळ झाली. उत्तर नाही. ती थांबली. खूप थांबली. नुसती होडी वाजत होती. मग शेवटची ओळ ती एकटीच म्हणाली.

"वन्स मोअर!" रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी ओरडलं.

वनितानं मान वर केली. तो आवाज तिनं रोज तालमीत ऐकला होता. ती मास्तरांकडे वळली.

"वन्स मोअर तुमी दिलाव?"

मास्तरांनी हात जोडले.

"मला वाटलं लोकांना आवडलं," ती म्हणाली. तिचा तेवढा समज मात्र मी वाचवू शकले नाही. खरं बाहेर काढायचं तर ते असं सगळंच बाहेर येतं, हवं तेवढंच काढता येत नाही.

पुण्याच्या गृहस्थांनी घसा साफ केला. आवाज तिचाच आहे, त्याच प्रयोगातला, लोकांसमोरचा आहे, यात आता शंका नाही, असं ते म्हणाले आणि आपली चूक लिहून घ्यायला सांगितली. मनाचा मोठेपणा होता, नाही म्हणत नाही. चित्रणात फेरफार केला म्हणून मंडळाला क्रमांक नाही, असं मीच सुचवलं. मास्तरांनी ते मान्य केलं. आणि हर्षला तिथल्या तिथं उठून खालापूरच्या शाळेला फोन लावायला गेली. मुलीचं नाव स्वच्छ आहे, हे तिनं दारातच दोनदा, ठासून सांगितलेलं आम्ही ऐकलं.

सगळे उठले. दुसऱ्या वेळचं गाणं अजून चालूच होतं, ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. थकलेला आवाज, उजवीकडून, ओळीमागून ओळ, कुठंही न थांबता.

"हितं तुमी नव्हता," वनिता बापाला म्हणाली. रागानं नाही. "मी उत्तराची वाट नाय बगितली. मला वाटलं, तुमी घरी गेलाव. माज्यावर रुसून."

"घरी कुटं?" धाऊ म्हणाला. "बाहेर पायरीवर बसलो व्हतो. तुला घेतल्याबिगर जाईन व्हय? तू दुसऱ्यांदा हाक मारलीस तवा दिलं ना उत्तर. परत्येक ओळीला दिलं."

वनिता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मंग मला कसं नाय आयकू आलं, बाबा?"

"दार लावलेलं. आन हळू दिलं मी." तो ओशाळून हसला. "लोकं तुला आयकत व्हती गं."